शिट्टीला उघडणारे हात

वाचकहो, प्रस्तुत लेखकाने आजवर लेखणी हाती धरली ती दोराची लांबी आणि कप्प्यांची संख्या लिहून ठेवण्यापुरतीच. सातव्या इयत्तेनंतर शाळेने मला सोडले की मी शाळेला, हा वाद आमच्या घरी अद्याप मिटलेला नाही. परंतु नाट्यगृहात एकतीस वर्षे काढल्यामुळे उत्तमोत्तम भाषा रोज कानांवरून वाहत गेली, आणि वाहत्या पाण्याने दगडालाही थोडा ओलावा मिळतोच. त्या ओलाव्याच्या बळावर मी पुढील हकीकत निवेदन करीत आहे. ही हकीकत एका भयाची आहे. ते भय भुताखेतांचे किंवा चोरदरोडेखोरांचे नसून माझ्याच दोन हातांचे होते. हे मी मन घट्ट करून येथे जाहीर करतो.

प्रथम माझे काम सांगणे उचित ठरेल. रंगमंचाच्या डाव्या बाजूस, भिंतीला चिकटून, जमिनीपासून तीस फुटांवर एक अरुंद लोखंडी सज्जा आहे. तेथे ओळीने खुंटे आहेत आणि खुंट्यांना दोर आहेत. नाटकात महाल उतरतो, चंद्र उगवतो, अरण्य नाहीसे होते, ते सारे त्या दोरांच्या करवी. खुंट्याला दोराचे तीन वेढे द्यायचे आणि शेपूट दोन्ही मुठींत धरायचे, एवढ्यावर पाच माणसांचे ओझे हवेत राहते. मूठ सैल केली की ओझे खाली येते. किती सैल, केव्हा सैल, ही सगळी विद्या.

ही विद्या मला एका निवृत्त खलाशाने शिकवली. तो शब्द वापरत नसे, शिट्टी वापरे. आखूड शिट्टी म्हणजे तयार राहा. लांब शिट्टी म्हणजे सोड. "कानाने ऐकशील तर उशीर होईल," असे तो म्हणे, "हाताने ऐक." मी हाताने ऐकू लागलो. बावीस वर्षे लांब शिट्टी झाली की माझ्या मुठी आपोआप उघडत. मध्ये डोक्याला विचारण्याची पद्धतच उरली नाही. याच कारणास्तव नाट्यगृहात पडद्यामागे शिट्टी वाजवणे हा गुन्हा समजला जाई. एखाद्या नव्या नटाने गाणे गुणगुणताना शिट्टी फुंकली तर त्यास बाहेर रस्त्यावर उभे करीत आणि दार ठोठावून क्षमा मागितल्याखेरीज आत घेत नसत. पुढे नऊ वर्षांपूर्वी सज्ज्यावर दिवे बसले. तांबडा दिवा म्हणजे तयार, हिरवा म्हणजे सोड. शिट्टी गेली, तिचा धाक तेवढा राहिला. माझे हात दिव्याला शिकले असे मी समजत होतो.

आता नाटकाकडे वळू. चाळीस वर्षांपूर्वी पाच बेकार तरुणांनी उसन्या कॅमेऱ्यावर एक चित्रपट काढला. त्याचे नाव लिहिताना लेखणी अडखळते, परंतु सत्य लपवू नये. त्याचे नाव "थुंकी". तो पंक चित्रपट होता. पंक म्हणजे काय, हे मलाही पन्नाशी उलटल्यावर समजले. ज्या मुलांना कोठेच जागा मिळाली नाही त्यांनी गालात पिना खुपसल्या, केस उभे केले, आणि सूर येत नसतानाही इतके मोठ्याने गायले की जागा करून देणे भाग पडले, असा त्याचा मथितार्थ आहे. चित्रपट तीन दिवस चालून पडला. पण ज्या थोड्या लोकांनी तो पाहिला ते त्याला चिकटले ते चिकटलेच. दर महिन्याला एका लहान चित्रपटगृहात ते जमत, फाटके कपडे घालून, आणि पात्रांच्या आधी पात्रांची वाक्ये म्हणत. त्यांना लोक थुंकीकर म्हणतात, आणि त्यांना त्याचा अभिमान आहे.

त्या चित्रपटात खिळा नावाची गायिका आहे. शेवटी ती साबणाच्या बंद कारखान्यातील यारीवर, म्हणजे ओझी उचलणाऱ्या क्रेनवर, चढते, चार मिनिटे सगळ्या जगाला शिव्या घालते, आणि उडी मारते. ती हवेत असतानाच चित्रपट संपतो. ती खाली पोचली की नाही, हे चाळीस वर्षांत कोणालाही कळलेले नाही.

आमच्या दिग्दर्शिकाबाईंनी "थुंकी" रंगमंचावर आणण्याचे ठरवले, आणि खिळ्याच्या भूमिकेसाठी बावन्न मुली पाहून झाल्यावर माझी लेक निवडली.

माझी लेक सहा वर्षे नाटकांत आहे. तिने शेजारीण केली, परिचारिका केली, एका नाटकात तर अडीच तास ती पडद्यामागून नुसती खोकत होती. ही तिची पहिलीच मोठी भूमिका. निवड होताच कुजबुज सुरू झाली की दोरमास्तरची पोर म्हणून घेतली. माझ्या कानावर ती आली तशी तिच्याही आली. ती घरी येऊन आईला म्हणाली, "मी वाईट केलं तर बाबांमुळे घेतली म्हणतील, आणि चांगलं केलं तर बाबांमुळे चांगलं झालं म्हणतील."

"मग मध्यम कर," आमची ही म्हणाली. "आधी जेव."

पहिल्या तालमीच्या दिवशी बाई सज्ज्यावर चढून आल्या. बाईंना उंचीची भीती वाटते. कठडा दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून त्या माझ्याशी बोलत होत्या.

"मास्तर, पडद्यावरची उडी मला इथे हवी. खोटी नको. बाहुली नको, चित्रं नकोत."

"बाई, पडद्यावर तर ती हवेतच राहते."

"मग इथेही हवेतच राहू दे. बावीस फुटांवरून सोडा आणि जमिनीच्या चार फूट वर थांबवा. थांबली की अंधार."

"यंत्राने?"

"यंत्र पाहिलं मी. ते म्हातारीसारखं उतरतं आणि कण्हतं. मला दगड पडतो तसं पडायला हवंय. हाताने होईल का?"

"होईल," मी म्हणालो. वाचकहो, ते मी गर्वाने म्हणालो. माझी लेक, माझा दोर, आणि माझे हात. बापाला आणखी काय हवे?

योजना अशी ठरली. खिळा लोखंडी पाळण्यात उभी राहील. पाळणा म्हणजे इमारतींचे रंगारी वापरतात तसली कठडा नसलेली फळी. भाषण चालू असता तिला फळीवर येरझाऱ्या घालायच्या आहेत, म्हणून तोवर तिच्या पट्ट्याचा आकडा मोकळा राहील. भाषण संपले की ती गुडघ्यावर बसेल, आकडा फळीच्या कडीत अडकवील, वर पाहील. मग हिरवा दिवा, मग मी. दोर बांधून ठेवला तर सोडवण्यात क्षण जाईल, म्हणून ती चार मिनिटे तो माझ्या मुठीत राहील. आकडा अडकवण्यापूर्वी फळी खाली गेली तर काय होईल, हे कोणी उच्चारले नाही. उच्चारण्याची गरजच नव्हती.

तालमी दोन महिने चालल्या. बाईंनी साबणाचा कारखाना काढून पार्सलांचे गोदाम केले, जेथे प्रत्येक कामगाराच्या मनगटावर त्याची पावले मोजणारे यंत्र बांधलेले असते. शिपायांच्या जागी पहारेकरी आले आणि चामड्याच्या जाकिटांच्या जागी पार्सलांच्या पिशव्यांची जाकिटे आली. थुंकीकरांचा एक म्होरक्या आहे, पेशाने दंतवैद्य, वय साठ, कानात सात बाळ्या. तो तालीम पाहायला आला तेव्हा चवताळून उठला.

"पिशवीचं जाकीट? अहो बाई, पंक म्हणजे चामडं! फाटकं चामडं!"

"तेव्हा फाटकं घालायला हिंमत लागायची," बाई म्हणाल्या. "आता फाटकं दुकानात मिळतं, इस्त्री करून. तुमचं हे कुठून घेतलंत?"

दंतवैद्य खाली बसला. जाकीट दुकानातलेच होते.

येथपर्यंत सारे सुरळीत होते. भय आले ते उद्घाटनाच्या दोन दिवस आधी, दुपारी चार वाजता. त्या दिवशी आमंत्रितांसाठी रंगीत तालीम होती. चाळीस थुंकीकर पुढच्या रांगांत बसले होते. मी सज्ज्यावर, मुठींत दोर. माझ्या मागे माझी जोडीदारीण उभी होती. ती पूर्वी बांधकामावर क्रेन चालवीत असे, म्हणून तिला सगळे क्रेनवाली म्हणतात. सहा महिन्यांपूर्वी ती आमच्याकडे आली आणि दिव्यांवरच शिकली. मी तिला नेहमी टोमणा मारी, "तुला डोळे आहेत, कान नाहीत. दोराला कान लागतो." ती हसून सोडून देई.

भाषण सुरू झाले. माझी लेक फळीवर येरझाऱ्या घालत होती. वरून मला तिचे उभे केलेले केस आणि बुटांची टोके दिसत. ती ओरडली, "मला खाली बोलवा! बघू कुणाच्यात दम आहे!"

आणि खालून त्या दंतवैद्याने लांब शिट्टी वाजवली.

नंतर कळले की ही त्यांची चाळीस वर्षांची रीत. चित्रपटात या वाक्यावर खालचा जमाव शिट्टी वाजवतो, म्हणून चित्रपटगृहात थुंकीकरही वाजवतात. मी चित्रपट पाहिला होता, परंतु घरी, आवाज बारीक करून, कारण त्यातील शिव्या शेजाऱ्यांच्या कानी पडू नयेत अशी हिची आज्ञा होती. ती शिट्टी माझ्या ध्यानातच आली नव्हती.

माझ्या मुठी उघडल्या.

मी उघडल्या असे मी लिहू शकत नाही. त्या उघडल्या. दोर वीतभर सरकला, हातमोजा तापला, आणि तेव्हा कोठे डोक्याला वर्दी पोचली व मी दोर आवळला. फळी वीतभर खाली जाऊन धाडकन थांबली. माझी लेक गुडघ्यांवर पडली. तिचा एक पाय फळीच्या बाहेर लोंबला. आकडा मोकळाच होता. ती एक क्षण तशीच राहिली, मग उठली, आणि पुढची शिवी तिने अशी काही हासडली की थुंकीकरांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

तालीम संपल्यावर बाई धावत आल्या. मला वाटले, आता माझी शंभर वर्षे भरली.

"मास्तर! तो धक्का! ते अडखळणं! माझा श्वास अडकला हो. ते ठेवायचं. रोज ठेवायचं!"

लेक मागेच उभी होती. गुडघा फुटला होता. तिने हळूच विचारले, "बाबा, दोराला काय झालं?"

"दोर नवा आहे," मी म्हणालो. "नवा दोर ताणतो."

ती माझ्याकडे पाहत राहिली. तिचा जन्म दोरांत गेला आहे. पण तिने मान डोलावली, कारण तिच्या बापाने ते सांगितले होते. वाचकहो, त्या मान डोलावण्याचे भय मला दोरापेक्षाही जास्त वाटले.

क्रेनवालीने पाहिले होते की नाही, हे मला समजेना. ती दोर गुंडाळत राहिली.

घरी मी स्वतःची समजूत घातली. एकदा झाले, आता शिट्टी येणार हे ठाऊक आहे, ठाऊक असलेल्या गोष्टीला माणूस फसत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात चहाचा कप धरून बसलो होतो. शेगडीवर कुकर होता. कुकरची शिट्टी होणार हे मला ठाऊक होते. मी तिची वाटच पाहत होतो. शिट्टी झाली. कप खाली पडला आणि फुटला.

"हात आहेत की चाळण?" ही म्हणाली.

मी दुसरा कप घेतला आणि तो दोन्ही हातांनी, दात आवळून धरला. दुसऱ्या शिट्टीला तोही गेला.

ही कमरेवर हात ठेवून पाहत राहिली. "अहो, तिसरा काढून देऊ, की स्टीलचा देऊ?"

माझ्या चेहऱ्याकडे पाहून तिचे हसू मावळले. तिने शेगडी बंद केली व खाली बसून तुकडे वेचू लागली, आणि मी तिला काहीही सांगितले नाही.

नाट्यगृहात आमचा दिवेवाला माझा जुना मित्र आहे. त्याला मी अडगळीच्या खोलीत नेले, दार लावून घेतले, कानांत कापसाचे बोळे घातले, कप्पीवरून वाळूची पिशवी टांगली, आणि त्याला म्हणालो, "माझ्या मागे उभा राहा आणि शिट्टी वाजव."

"इथे? मला रस्त्यावर उभं करतील रे."

"वाजव म्हणतो ना."

त्याने वाजवली. पिशवी जमिनीवर आदळली आणि खोलीभर धूळ उडाली. आम्ही सहा वेळा केले, आणि सहाही वेळा पिशवी पडली. कापसातून शब्द येत नव्हता, पण शिट्टी सुईसारखी येत होती. पाचव्या वेळी तर त्याने वाजवण्यापूर्वी नुसता श्वास घेतला, तो माझ्या मानेवर लागला, आणि मुठी सुटल्या.

दिवेवाला पिशवीवर बसला. "मास्तर, हे बाईंना सांग."

"सांगितलं तर उडी रद्द होईल. उडी रद्द म्हणजे नाटक रद्द, बाई तसं म्हणाल्याच आहेत. पोरीचं पहिलं काम आहे. आणि लोक काय म्हणतील? बापानेच घेतली, बापानेच घालवली."

"आणि नाही सांगितलंस तर?"

पिशवीचे तोंड फाटून वाळू बाहेर येत होती, मी तिच्याकडेच पाहत राहिलो.

"मी त्या दातवाल्याला सांगतो, शिट्टी वाजवू नको म्हणून," तो म्हणाला.

"एकाला सांगशील. उद्घाटनाला तीनशे येणार आहेत."

त्यापुढची रात्र कशी गेली ते मी लिहीत नाही. एवढेच लिहितो की माझे हात उशीखाली दाबून मी झोपलो, जणू ते कोणा परक्याचे होते आणि मी झोपेत असता उठून काहीतरी करतील.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी दहा वाजता मी रंगपटात गेलो. लेक आरशासमोर बसून गालावर खोट्या पिना चिकटवून पाहत होती. एक पिन चिकटत नव्हती आणि ती तिला खिळ्याच्याच भाषेत दम देत होती. मी दारात उभा राहिलो.

"या ना बाबा. ही बघा, तुमच्यासारखी हट्टी आहे."

"दोर नवा नव्हता," मी म्हणालो.

तिचा हात थांबला.

मी उभ्या उभ्या सगळे सांगितले. खलाशी, शिट्टी, कुकर, वाळूची पिशवी. मी नाटकांतून अनेक कबुलीजबाब ऐकले आहेत. त्यांत माणसे गुडघे टेकतात, सुंदर वाक्ये बोलतात. माझ्या तोंडून एकही वाक्य धड निघाले नाही.

ती आरशातूनच माझ्याकडे पाहत होती. "म्हणजे परवा तुम्ही मला सोडलंत."

"हातांनी—"

"हात कुणाचे आहेत?"

"माझे."

"आणि वर दोर नवा आहे म्हणालात. मी दोन दिवस काय करतेय ठाऊक आहे? प्रत्येक वेळी फळीवर चढताना मनात म्हणतेय, घाबरू नको, दोर फक्त ताणतोय, वर बाबा आहेत." तिने हातातली पिन टेबलावर टाकली. "मला पडायची भीती वाटली नाही हो. बाबा वर आहेत म्हणून नाही वाटली. आता काय करू मी?"

मी म्हणालो, "बाईंना सांगतो. उडी रद्द होऊ दे."

"माझी उडी रद्द करणारे तुम्ही कोण?"

ती उठली. माझे दोन्ही हात तिने आपल्या हातांत घेतले, उलटे केले, तळव्यांवरचे घट्टे पाहिले. लहानपणी ती त्या घट्ट्यांवर अंगठा फिरवीत झोपी जाई. या वेळी अंगठा फिरवला नाही. नुसते पाहिले आणि सोडून दिले.

"चला," ती म्हणाली.

बाई रंगमंचावर होत्या. ऐकता ऐकता त्या खाली बसल्या, तेथेच, फळ्यांवर. मग त्यांचा संताप उसळला. तो पूर्ण लिहिणे शिष्टाचारास धरून होणार नाही. "आणि मी म्हटलं ठेवा! मूर्खासारखी टाळ्या वाजवत म्हटलं, रोज ठेवा!" हे त्यातले सर्वांत सौम्य वाक्य होते. शेवटी त्या म्हणाल्या, "उडी नाही. संपलं."

"उडी आहे," लेक म्हणाली. "दोर दुसऱ्या हातात द्या." आणि ती वर सज्ज्याकडे पाहून ओरडली, "ताई! खाली या!"

क्रेनवाली खाली आली. बाईंनी विचारले, "हा दोर तू कितीदा सोडलायस?"

"पाळण्यात माणूस असताना एकदाही नाही बाई. सिमेंट असताना दहा वर्षं."

"शिट्टी ऐकून हात सुटतात का तुझे?"

"बांधकामावर बाई दिवसभर शिट्ट्याच असतात. मुकादम वाजवतो, ट्रकवाला वाजवतो, येणाऱ्याजाणाऱ्या पोरी बघून टवाळ वाजवतात. शिट्टीला हात सोडले असते तर अर्धी इमारत रस्त्यावर आली असती." मग ती माझ्याकडे वळली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "मास्तर, त्या दिवशी मी पाहिलं होतं. तुम्ही सांगाल म्हणून थांबले. आज दुपारपर्यंत थांबणार होते, त्यापुढे नाही."

मला तिच्याकडे मान वर करून पाहवले नाही.

दुपारभर सराव झाला. आधी लेकीच्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या, नऊ वेळा, आणि दिवेवाला खालून प्राण पणाला लावून शिट्ट्या वाजवत होता. रस्त्यावर उभे राहण्याची भीती त्याने सोडून दिली होती. मग लेक, आकडा अडकवलेली, अकरा वेळा. क्रेनवालीचे हात शिट्टीला दगड होते आणि हिरव्या दिव्याला पाणी. धक्का मात्र बाईंनी सोडला नाही. तो आता लेक स्वतः अभिनयाने करणार होती. मी मागे उभा राहून शिकवत होतो. "वेढा असा. अंगठा बाहेर." शिकवताना एक गोष्ट ध्यानात आली की मी तिला सहा महिने काहीच शिकवले नव्हते, नुसते टोमणे मारले होते.

पाच वाजता लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही वर थांबायचं नाही. तुम्ही वर असलात तर माझे डोळे वर जातील. खाली खुर्चीत बसा."

एकतीस वर्षांत मी नाटक कधी समोरून पाहिले नव्हते. तिसऱ्या रांगेत मला जागा मिळाली, आणि दैवाची थट्टा पाहा, शेजारी तो दंतवैद्य. पार्सलाच्या पिशवीचे जाकीट घालून आला होता.

"काय राव, पहिल्यांदाच?" त्याने विचारले. "शिट्टी येते का? 'बघू कुणाच्यात दम आहे' म्हटलं की सगळ्यांनी वाजवायची."

"येते," मी म्हणालो. "पण वाजवणार नाही."

"का हो?"

"वर माझी मुलगी आहे."

तो हसला. मी गंमत करतोय असे त्याला वाटले.

नाटक कसे झाले, हे मला सांगता येत नाही. ढोल वाजले, गाणी झाली, लोक उभे राहिले, बसले. मी केवळ घटका मोजत होतो. सज्ज्यावर असताना दोरातून तिचे वजन माझ्या हातांत येई. ती श्वास घेते तेही कळे. खुर्चीत माझ्या हातांत काहीच नव्हते. बावीस फुटांवर ती फळी खाटेएवढी दिसत होती, आणि तिच्यावर ती, मोकळी, येरझाऱ्या घालत होती. इतके उंच असते ते, हे मला ठाऊक नव्हते. वरून कधी उंच वाटले नव्हते.

"मला खाली बोलवा! बघू कुणाच्यात दम आहे!"

तीनशे शिट्ट्या एकदम उठल्या. मांडीवर घट्ट आवळलेल्या माझ्या दोन्ही मुठी उघडल्या. बोटे ताठ, तळवे वर. मी खाली पाहिले तर ते तसेच पडले होते, रिकामे, आणि त्यांतून जे सुटले असते ते मी डोळ्यांपुढे स्पष्ट पाहिले. मला वर पाहण्याचे धैर्य होईना.

मी वर पाहिले. फळी हलली नव्हती.

मग ती गुडघ्यांवर कोसळली. तो अभिनय होता, मला ठाऊक होता, दुपारी अकरा वेळा पाहिला होता, तरी माझ्या तोंडून किंकाळी निघाली आणि दंतवैद्याने दचकून माझा दंड धरला. तिने आकडा अडकवला की नाही, ते तिसऱ्या रांगेतून दिसत नाही. तिने वर पाहिले. फळी दगडासारखी आली. आणि अंधार झाला.

अंधारात लोक वेड्यासारखे ओरडत होते. दिवे लागले तेव्हा रंगमंच रिकामा होता. नट अभिवादनाला आले. खिळा आली नाही. बाईंनी ठरवलेच होते की खिळा अभिवादनाला यायची नाही, कारण ती पोचली की नाही हे प्रेक्षकांना कळता कामा नये. हा नियम मला पाठ होता. सज्ज्यावर त्याचा मला कधी त्रास झाला नसता, कारण दोराने मला सांगितले असते. येथे सांगणारे कोणी नव्हते. मी टाळ्यांच्या मधोमध, तीनशे माणसांसारखाच अडाणी, बसून होतो.

कसाबसा उठून, लोकांचे पाय तुडवीत, मी बाजूच्या दाराने आत गेलो. लेक एका पेटीवर बसून पाणी पीत होती. शेजारी क्रेनवाली आपल्या हातमोज्यांत फुंकर मारत होती. मला पाहताच लेक म्हणाली, "जवळ येऊ नका, गोंद ओला आहे." आणि मग स्वतःच उठून आली आणि तिने डोके माझ्या खांद्यावर टेकवले. मी तिला धरले. पण घट्ट धरले नाही. हातांवर माझा विश्वास नव्हता.

"बाबा," ती खांद्यातच म्हणाली, "आज भीती वाटली. खूप."

"मलाही," मी म्हणालो.

या नाटकाचे आजवर चौसष्ट प्रयोग झाले आहेत. दोर क्रेनवालीकडे आहे. मी खाली गाठी तपासतो, पडदे शिवतो आणि प्रत्येक प्रयोगाला कोठे जागा असेल तेथे बसतो. प्रत्येक प्रयोगाला ती शिट्टी होते आणि माझे हात उघडतात. चौसष्ट वेळा उघडले. लेक म्हणते, यायचे सोडा. मी सोडू शकत नाही. माझे हात काय करू शकतात, हे रोज डोळ्यांनी पाहिल्याखेरीज तिला वर जाताना पाहण्याचा मला अधिकार नाही, असे मला वाटते.

या लिखाणात काही शब्द चुकीच्या जागी पडले असतील तर ते पदरात घ्यावेत. आपण आपला वेळ देऊन एका अडाणी माणसाचे बोलणे शेवटपर्यंत ऐकलेत, याबद्दल मी आपणा सर्वांचा मनापासून ऋणी आहे. ज्या नावाने मला नाट्यगृहात अद्यापही हाक मारतात, आणि जे मी आता नाकारतो पण लोक सोडत नाहीत, तेच येथे लिहितो.

आपला,
दोरमास्तर